कावळा, फांदी आणि कोर्ट

लस घेतली आणि नंतर काहीतरी बिघडलं, तर त्याची जबाबदारी कोणाची? मे २०२४ मध्ये मोबाइलवर फिरणाऱ्या एका बातमीने हा प्रश्न कट्ट्यावर आणला. त्याचं उत्तर शोधताना जगभरातल्या कोर्टांनी सत्तर वर्षं घालवली आहेत.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या फॅमिली ग्रुपवर ती बातमी आली नसेल, तर तुमचा फॅमिली ग्रुप खरंच निराळा आहे. 'कोविशिल्ड घेतलेल्यांनो, सावधान! कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला!' खाली लाल अक्षरं, चार उद्गारचिन्हं आणि 'सगळ्यांना पाठवा'.

आमच्या टपरीवर त्या संध्याकाळी दुसरा विषयच नव्हता. मायक्रोबायोलॉजीवाला मित्र एकीकडे आणि लॉच्या शेवटच्या वर्षाची मैत्रीण दुसरीकडे. तो म्हणत होता, "अरे, हे २०२१ पासून माहितीये सगळ्यांना. यात नवीन काय?" ती म्हणाली, "माहिती असणं वेगळं आणि कोर्टात लेखी देणं वेगळं." मध्येच एकाने विचारलं, "ते जाऊ दे. मला काही झालं असतं, तर माझ्या घरच्यांनी कोणाकडे जायचं होतं?"

दोघंही गप्प झाले. तिथून हा लेख सुरू झाला.

बातमी नेमकी काय होती?

आधी फॉरवर्डमधला मसाला बाजूला काढू. तेव्हा ब्रिटनच्या उच्च न्यायालयात ॲस्ट्राझेनेका कंपनीवर भरपाईचे ५१ दावे होते. दावे करणाऱ्यांत काही जण स्वतः आजारी पडलेले, तर काही जण दगावलेल्यांचे नातेवाईक आहेत. या कंपनीने ऑक्सफर्ड विद्यापीठासोबत जी लस तयार केली, तीच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशिल्ड' नावाने बनवली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टात दिलेल्या कागदात कंपनीने मान्य केलं, की अत्यंत दुर्मीळ प्रसंगी या लशीमुळे टीटीएस होऊ शकतो. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणं आणि त्याच वेळी प्लेटलेट्स घटणं. दोन्ही एकदम होतं, म्हणून ते धोकादायक.

आता मायक्रोवाल्याचं म्हणणं बघा. युरोपच्या औषध नियामकाने एप्रिल २०२१ मध्येच हा दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून जाहीर केला होता. मे २०२१ मध्ये ब्रिटनने चाळिशीच्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस द्यावी असं ठरवलं. कोविशिल्डच्या सोबतच्या माहितीपत्रातही टीटीएसचा उल्लेख होता. हा त्रास होतो तो बहुतेक वेळा डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. म्हणजे २०२१ मध्ये डोस घेऊन आज ठणठणीत असलेल्या माणसाने २०२४ मध्ये रात्रीची झोप उडवून घ्यायचं कारण नाही. आणि आत्ता एफवायला असलेल्यांनी तर बहुधा कोविशिल्ड घेतलेलीच नाही. १५ ते १८ वयोगटाचं लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला सुरू झालं, ते कोव्हॅक्सिनने.

पण मैत्रिणीचा मुद्दाही खोटा नाही. दुर्मीळ असलं तरी ते कोणाला तरी झालंच ना? 'लाखात एक' हा आकडा ऐकायला सोपा वाटतो, पण त्या एकाच्या घरी तो आकडा शंभर टक्के असतो. ब्रिटनच्या दाव्यात वाद आहे तो एवढाच: लस ही एक 'वस्तू' मानली, तर लोकांना जेवढी सुरक्षितता अपेक्षित असते तेवढी तिच्यात होती का? तिथला १९८७ चा ग्राहक संरक्षण कायदा हाच निकष लावतो. आणि गंमत म्हणजे, दावा कंपनीवर असला तरी खर्चाचा भार शेवटी ब्रिटिश सरकारवरच येतो, कारण साथीच्या काळात सरकारने कंपनीला तशी हमी देऊन ठेवली आहे.

बसला कावळा, मोडली फांदी

आपल्याकडे आजीपासून सगळे म्हणतात, 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ'. लशीच्या प्रत्येक खटल्यात हीच म्हण कोर्टासमोर उभी राहते. कावळ्यामुळे फांदी मोडली की ती मोडायलाच आली होती?

आता विचार करा. एका दिवसात लाखो लोकांना लस दिली, तर पुढच्या आठवड्यात त्यातल्या काहींना हार्ट ॲटॅक येणार, काहींना फिट येणार, काहींचा मृत्यू होणार. लस दिली नसती तरी हे झालंच असतं. मग त्यातलं लशीमुळे झालेलं कोणतं, हे ओळखायचं कसं? त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची एक पद्धत आहे आणि भारतातही तीच वापरतात. लसीकरणानंतरच्या प्रत्येक गंभीर घटनेची तपासणी करून ती एका खणात टाकायची. लशीच्या घटकामुळे झालं, लशीच्या दर्जातल्या दोषामुळे झालं, टोचणाऱ्याच्या चुकीमुळे झालं, सुईच्या भीतीमुळे झालं, निव्वळ योगायोग, पुरावा अपुरा, किंवा माहितीच नाही.

हे वाटतं तितकं सोपं नाही. एक उदाहरण सांगते. डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांवरची जुनी डीपीटी लस दिल्यावर काही बाळांना झटके यायचे, मेंदूवर परिणाम व्हायचा. आईवडिलांच्या डोळ्यांसमोर, लस दिल्यावर काही तासांत. त्यांनी लशीला दोष दिला तर कोण चुकीचं म्हणेल? २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अशा १४ रुग्णांची जनुकीय तपासणी केली. त्यातल्या ११ जणांमध्ये एका विशिष्ट जनुकात बिघाड सापडला. त्या बिघाडामुळे अपस्माराचा गंभीर प्रकार होतोच. लशीने ताप आला, तापाने पहिला झटका आला, एवढंच. फांदी आधीपासून पोखरलेली होती.

पण हे कळायला जनुकशास्त्राला २००६ साल उजाडावं लागलं. कोर्टाला तेवढं थांबता येत नाही. दारात उभ्या असलेल्या आईला 'वीस वर्षांनी या, तोवर विज्ञान पुढे जाईल' असं न्यायाधीश सांगू शकत नाही.

चूक नाही, तरी जबाबदारी आहे

कधी कधी मात्र कावळाच दोषी असतो. १२ एप्रिल १९५५ ला अमेरिकेत जाहीर झालं, की जोनास साल्क यांची पोलिओ लस सुरक्षित आणि परिणामकारक आहे. लोक रस्त्यावर आले, चर्चच्या घंटा वाजल्या. आणि दोनच आठवड्यांत लस टोचलेल्याच हाताला लुळेपणा आलेली मुलं दवाखान्यात येऊ लागली.

कॅलिफोर्नियातल्या कटर लॅबोरेटरीजच्या काही बॅचमध्ये विषाणू पुरता मेलेला नव्हता. साल्कची लस ही मारलेल्या विषाणूची. इथे जिवंत विषाणूच सुईतून गेला. सुमारे ४० हजार मुलांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कमी-अधिक लुळेपणा आला आणि १० जण दगावले.

एका पाच वर्षांच्या मुलीच्या कुटुंबाने खटला भरला. जानेवारी १९५८ मध्ये ज्यूरीने जो निकाल दिला तो आजही लॉच्या वर्गात शिकवतात. ज्यूरी म्हणाली, कंपनीने हलगर्जी केल्याचं सिद्ध होत नाही. त्या वेळी जे ज्ञान होतं आणि सरकारने जे नियम दिले होते, त्यांना धरून तिने काम केलं. पण वस्तू विकताना 'ही वापरायला योग्य आहे' असं न बोलता दिलेलं एक वचन असतं. ते वचन मोडलं. सबब भरपाई द्या. दोन मुलांच्या मिळून सुमारे दीड लाख डॉलर.

'चूक नसली तरी जबाबदारी' हा विचार ऐकायला न्याय्य वाटतो. माझ्या मैत्रिणीला तर तो फार आवडतो. पण त्याची पुढची गोष्ट ऐका.

कंपन्या पळाल्या तेव्हा

१९७८ ते १९८१ या काळात अमेरिकेत डीपीटी लशीच्या कंपन्यांवर अवघे नऊ खटले होते. १९८२ मध्ये टीव्हीवर या लशीच्या कथित धोक्यांवर एक गाजलेला माहितीपट आला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर खटल्यांची संख्या वर्षाला दोनशेच्या वर गेली. देशात डीपीटी बनवणाऱ्या तीन कंपन्या होत्या, त्यातल्या दोन बाहेर पडल्या. औषध कंपनीच्या हिशोबात लस म्हणजे आयुष्यात तीन-चारदा विकायची स्वस्त वस्तू. त्यात एका खटल्यात कोट्यवधींचा फटका बसणार असेल तर कोण बनवेल? देशाला लस तर हवी, पण बनवणारा नाही, अशी वेळ आली.

तेव्हा अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला. त्यातून निघालेली योजना ऑक्टोबर १९८८ मध्ये सुरू झाली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे.

लशीच्या प्रत्येक डोसवर, त्यातून टळणाऱ्या दर आजारामागे ७५ सेंट कर बसतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला अशी तीन आजारांची लस असेल तर सव्वादोन डॉलर. हा पैसा एका निधीत जमा होतो. ज्याला इजा झाली त्याने कंपनीवर नाही, तर सरकारच्या आरोग्य खात्यावर दावा करायचा. ज्यूरी नाही, खास नेमलेले न्यायाधिकारी निकाल देतात. कंपनीची चूक दाखवायचीच नाही. एक तक्ता आहे: अमुक लस, अमुक त्रास, अमुक वेळात. उदाहरणार्थ, धनुर्वाताच्या लशीनंतर चार तासांच्या आत तीव्र ॲलर्जीचा झटका आला, तर तो लशीमुळेच असं गृहीत धरायचं. तक्त्यात न बसणारा त्रास असेल तर मात्र कार्यकारणभाव दावेदाराने सिद्ध करायचा. मृत्यू झाल्यास भरपाई कमाल अडीच लाख डॉलर. आणि दावा हरला तरी तो प्रामाणिक आणि साधार असेल, तर वकिलाची फी निधीतूनच मिळते.

आजवर या योजनेतून पाच अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम दिली गेली आहे. मोठा आकडा वाटतो ना? पण दिलेल्या लशींशी तुलना केली तर दर दहा लाख डोसमागे साधारण एका माणसाला भरपाई, असा हिशोब येतो. आणि अलीकडच्या काळात निम्म्याहून अधिक दावे कशाचे आहेत माहितीये? खांद्याच्या दुखण्याचे! सुई दंडावर फार वर टोचली की ती खांद्याच्या सांध्याजवळ जाते आणि महिनोन् महिने हात वर होत नाही. लशीत दोष नाही, टोचणाऱ्याच्या हातात आहे. पण त्रास खरा आहे, म्हणून भरपाई.

सगळं आलबेल आहे असं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की लशीची रचनाच सदोष होती अशा मुद्द्यावर कंपनीवर वेगळा खटला भरता येणार नाही. टीकाकार म्हणतात, यामुळे कंपन्यांवरचा धाकच गेला. आणि कोविडच्या लशी तर या योजनेत नाहीतच. त्यांच्यासाठी आणीबाणीची वेगळी योजना आहे. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, वकिलाचा खर्च मिळत नाही आणि निकालावर कोर्टात दाद मागता येत नाही. हजारो अर्जांपैकी हातावर मोजण्याइतक्या लोकांना पैसे मिळाले आहेत. म्हणजे योजना असणं आणि ती चालणं यात फरक आहे.

दावा आधी, संशोधन नंतर

या विषयात एक धडा आहे जो सगळ्यांनी पाठ करायला हवा. १९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित नियतकालिकात १२ मुलांवरचा निबंध छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी असू शकतो असं सुचवलं. जगभर घबराट पसरली, लसीकरण घटलं.

पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने खणून काढलं, की निबंध छापून यायच्या आधीपासूनच वेकफिल्ड हे लस कंपन्यांवर दावा करू पाहणाऱ्या एका वकिलासाठी काम करत होते. त्यापोटी त्यांना चार लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. संशोधनातून दावा उभा राहायला हवा. इथे दाव्यासाठी संशोधन उभं केलं गेलं. २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला.

दरम्यान अमेरिकेत ऑटिझमचे पाच हजारांहून अधिक दावे त्या निधीपुढे आले होते. न्यायाधिकाऱ्यांनी काही नमुना दावे निवडून तपशीलवार सुनावणी घेतली. २००९ आणि २०१० मध्ये निकाल लागले: पुरावा नाही. त्या पालकांचं दुःख खोटं नव्हतं. त्यांना कोणीतरी चुकीच्या झाडाखाली नेऊन उभं केलं होतं.

मायक्रोवाला मित्र इथे टेबलावर हात आपटून म्हणतो, "बघ! म्हणूनच मी म्हणतो, असे दावे म्हणजे लसविरोधकांचं फावणं." पण मला नेमकं उलटं वाटतं. खरी इजा आणि योगायोग यांची नीट निवड करणारी, लोकांचा विश्वास असलेली जागाच नसेल, तर त्या जागी फॉरवर्ड येतात. 'सगळ्यांना पाठवा'वाले.

परळची एक जुनी गोष्ट

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुंबईत प्लेगची साथ होती तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी इथे प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे १९ जण एकाच बाटलीतून लस टोचलेले.

दोष आला हाफकिन यांच्यावर. त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढे दिसून आलं, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा खाली पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्रं लिहिली आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचं नाव दिलं गेलं.

ही गोष्ट आपण नेहमी हाफकिन यांना उशिरा मिळालेल्या न्यायाची म्हणून सांगतो. तशी ती आहेच. पण त्या १९ जणांची नावं आपल्यापैकी कोणाला माहीत आहेत? गोष्टीतले तेही लोक होते.

'लस ऐच्छिक होती'

आता येऊ घरच्या मुद्द्यावर. २०२१ मध्ये कोविशिल्ड घेतल्यानंतर कॉलेजच्या वयाच्या दोन मुलींचा मृत्यू झाला. त्यांचे आईवडील सर्वोच्च न्यायालयात गेले. मागणी होती स्वतंत्र चौकशीची आणि भरपाईची. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने शपथपत्र दिलं. त्यात म्हटलं होतं, की अशा मृत्यूबद्दल सरकारला भरपाईसाठी जबाबदार धरता येणार नाही. लस ऐच्छिक होती, माहिती उपलब्ध होती. कोणाला वाटलं तर त्याने दिवाणी न्यायालयात जावं. त्यातच आकडे होते: तोवर दिलेले डोस २१९.८६ कोटी, नोंदलेल्या प्रतिकूल घटना ९२,११४, त्यातल्या गंभीर आणि मृत्यू मिळून २,७८२. म्हणजे साधारण आठ लाख डोसमागे एक गंभीर घटना, आणि तीही लशीमुळेच असं नाही. मे २०२४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयातच होतं.

हे आकडे लशीच्या बाजूने बोलतात, यात शंका नाही. पण लॉवाल्या मैत्रिणीने 'ऐच्छिक' या शब्दावर बोट ठेवलं. "आठव जरा," ती म्हणाली, "१५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत लोकलचा पास कोणाला मिळत होता?" दोन डोस आणि वर चौदा दिवस झालेल्यांना. २० ऑक्टोबरला महाराष्ट्रातली कॉलेजं उघडली तेव्हा वर्गात कोणाला बसता येत होतं? दोन डोस झालेल्यांना. आज एमए किंवा एलएलबी करणाऱ्या कितीतरी जणांनी सर्टिफिकेट दाखवून गेटमधून प्रवेश केला आहे. कायद्याने सक्ती नव्हती हे खरं. पण ज्याला डोंबिवलीहून चर्चगेटला कामाला जायचं होतं त्याला 'ऐच्छिक' म्हणजे काय, हे विचारून पाहा. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही आणि लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणाबाहेर आहेत. लसीकरणाचं धोरण मात्र कोर्टाने योग्यच ठरवलं.

मग 'दिवाणी कोर्टात जा' म्हणजे काय करायचं? हलगर्जी सिद्ध करायची. कोणाची? कंपनीची, की टोचणाऱ्या नर्सची? कटर खटल्यात पाहिलं तसं, दुर्मीळ दुष्परिणामात बहुतेक वेळा कोणाचीच हलगर्जी नसते. ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत; शिवाय लस सरकारी केंद्रावर फुकट मिळालेली, म्हणजे 'ग्राहक' ठरण्यापासूनच मारामार. महाराष्ट्रातल्या एका वडिलांनी मुलीच्या मृत्यूनंतर मुंबई उच्च न्यायालयात एक हजार कोटींची मागणी केली. आकडा ऐकून लोक हसले. पण ठरलेली वाटच नसेल तर माणूस काय मागेल आणि किती मागेल, याला काही प्रमाण राहत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हेच ओळखलं आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला सांगितलं, अशा मृत्यूंची ओळख पटवून कुटुंबांना भरपाई देण्यासाठी नियम करा.

आणखी दोन गोष्टी ऐकून मला स्वतःला आश्चर्य वाटलं. पहिली: नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्याला इजा झाली तर भारतात भरपाईचे नियम आहेत, २०१९ चे. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिन 'चाचणीच्या पद्धतीने' दिली जात होती, तेव्हा संमतीपत्रावर लिहिलं होतं, की गंभीर त्रास लशीमुळेच झाल्याचं सिद्ध झालं तर कंपनी भरपाई देईल. म्हणजे प्रयोगात सामील झालेल्याला छत्र आहे. प्रयोग संपल्यावर रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य माणसाला नाही.

दुसरी: गरीब देशांना लस पोचवणाऱ्या 'कोव्हॅक्स' योजनेत ९२ देशांसाठी 'दोष न शोधता भरपाई' अशी सोय होती. या योजनेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ ला घाना देशात उतरली. सहा लाख डोस, पुण्याच्या सीरममध्ये बनलेले. म्हणजे मांजरीहून निघालेली कुपी घानात टोचली तर भरपाईची सोय. आपल्या सरकारने विकत घेतलेली तशीच कुपी हडपसरला टोचली तर दिवाणी कोर्ट.

मग करायचं काय?

जर्मनीने १९६१ मध्ये अशी भरपाई सुरू केली. ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला. तिथे लशीमुळे ६० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आलं तर एक लाख वीस हजार पौंड एकरकमी मिळतात, आणि ६० टक्क्यांच्या आत असाल तर काहीच नाही. त्यावरही तिथे जोरदार टीका होते. एकही योजना परिपूर्ण नाही. पण त्या सगळ्यांमागचा विचार एकच आहे: लस मी फक्त माझ्यासाठी घेत नाही. मी घेतो म्हणून शेजारच्या आजी सुरक्षित राहतात. फायदा सगळ्या समाजाला होतो, मग त्यातून क्वचित होणारं नुकसान एकट्या घराने का सोसायचं?

तोवर आपल्या हातातलं थोडं. लस कोणतीही असो, सर्टिफिकेट आणि बॅच नंबर जपून ठेवा. टोचल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबा म्हणतात ते उगाच नाही. तीव्र ॲलर्जी बहुतेक वेळा तेवढ्यातच दिसते. नंतर काही विचित्र झालं, जबरदस्त डोकेदुखी, धाप लागणं, पायाला सूज, तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि 'अमुक तारखेला लस घेतली होती' हे आवर्जून सांगा. लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनेची नोंद जिल्हा पातळीपर्यंत व्हायला हवी, ती झाली का हे विचारा. नोंद म्हणजे तक्रार नव्हे. अशा नोंदींच्या ढिगातूनच टीटीएससारखी गोष्ट २०२१ मध्ये काही आठवड्यांत ओळखता आली. आणि घरात दुर्दैवाने कोणाचा मृत्यू झालाच, तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. तो क्षण फार कठीण असतो, पण कावळा की फांदी हे सांगणारा तोच एक कागद असतो.

टपरीवरची चर्चा त्या दिवशी अर्धवट राहिली. जाताना मायक्रोवाला म्हणाला, "मी परत लस घेईन, शंभर वेळा घेईन." मैत्रीण म्हणाली, "मीही घेईन. मला फक्त एवढंच हवंय, की त्या लाखातल्या एकाच्या घरी कोणीतरी जावं." पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, पण दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. चहाचे पैसे कोणी द्यायचे यावर नवा वाद सुरू झाला होता.